गणितातल्या माणसांशी माझं भांडण

मला गणित येत नव्हतं असं नाही. मला गणितातल्या माणसांचा राग यायचा.

"एका गृहस्थानं अठ्ठेचाळीस रुपये किलोच्या भावानं अडीच किलो टोमॅटो घेतले, तर त्यानं एकूण किती रुपये दिले?" नणंदेनं पहिल्या दुपारी हे उदाहरण वाचून दाखवलं आणि मी पेन्सिलही न उचलता सांगितलं, "एकशे दहा."

ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली. "एकशे वीस होतात, वहिनी."

"एकशे वीस तो सांगेल. देतें कोण? अडीच किलोचं गिऱ्हाईक, दहा रुपये सोडायला नको? आणि कोसुरु कोठें आहे?"

"कसला कोसुरु?"

"मूठभर कढीपत्ता, दोन काड्या कोथिंबीर. अडीच किलो टोमॅटो घेऊन हा माणूस चुम्मा, नुसताच, घरी गेला? मग बावळट आहे तो. बायको दाराबाहेर उभं करेल त्याला."

नणंदेनं पुस्तक मिटलं, डोळे मिटले आणि मग हसू आवरत नाही म्हणून पाणी प्यायला उठली. मी मात्र गंभीर होते. आमच्याकडे भाजी, फुलं, मासे, काहीही घ्या, भाव ठरला की वर थोडं फुकट पडतंच, त्याला कोसुरु म्हणतात. ते मागावं लागत नाही, पण नाही पडलं तर मागायचं. इतकी वर्षं बाजार केला, कोणत्याही भाजीचा हिशेब मी गुणाकारावर थांबलेला पाहिला नव्हता.

आता हे सगळं मी चाळिशीच्या उंबरठ्यावर का करत होते, ते सांगते. माझा नवरा शेतीच्या पंपांच्या एका कंपनीत होता. कंपनीनं तंजावूरची कचेरी बंद करायचं ठरवलं आणि त्याला चेन्नईत जागा देऊ केली. त्याला इथल्याच एका राइस मिलच्या ऑफिसात काम मिळत होतं, पण पगार जवळजवळ अर्धा. त्यात घरभाडंसुद्धा धड बसत नव्हतं. मग नवराच एकदा जेवताना म्हणाला, की राज्य सरकारची कारकुनाची परीक्षा येतेय, तूं बसतेस कां? तू लागलीस तर दोन पगारांत इथंच राहू. नाही लागलीस तर चेन्नई. माझ्या वयाला ती शेवटची संधी होती, पुढच्या खेपेला मी बसूच शकणार नव्हते.

घरात आम्ही तिघंच. मी, नवरा आणि त्याची धाकटी बहीण. ती जुन्या बसस्टँडजवळच्या एका कोचिंग क्लासात गणित शिकवते, लग्न केलं नाही, करायचं नाही, आणि त्याबद्दल कोणी विचारलं तर असं काही उत्तर देते की माणूस पुन्हा विचारत नाही. तिचे विद्यार्थी इथले, तिचं सगळं इथलं. चेन्नईला ती आमच्याबरोबर येणार नव्हती. मग तुझं काय, असं नवऱ्यानं विचारलं तेव्हा ती ताक ओतून घेत म्हणाली, "माझं मी बघेन." एवढंच. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतलं ते वरच्या मजल्यावरचं घर, दुपारची झोप, संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून नवऱ्याची केलेली चेष्टा, हे सगळं मोडणार होतं, आणि ते न मोडणं माझ्या हातात होतं. माझ्या म्हणजे, माझ्या गणिताच्या.

बाकीच्या विषयांची चिंता नव्हती. मी पापनाशमची, तमिळ माध्यमात शिकलेली, कुंभकोणमला बी. ए. केलेली. तमिळचा पेपर मला हातचा मळ. सामान्यज्ञान पाठ करायचं, तेही जमेल. घरात मराठी, ती लिहिता-वाचता येते कारण वडिलांनी लहानपणी हट्टानं अक्षरं गिरवून घेतली. आम्हां तंजावूरकडच्या मराठी लोकांत ती बोलतात सगळे, वाचतात थोडे. पण गणिताची ती पंचवीस उदाहरणं! किलोचे ग्रॅम, लिटरचे मिलिलिटर, चौरस मीटरचे हेक्टर, आणि मग त्यांचा खर्च. बरेच जण तिथंच घसरतात, असं नणंद म्हणाली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, की तुम्ही घसरणार नाही वहिनी, तुम्ही भांडणार.

खरं होतं ते. दुपारी तिची सकाळची तुकडी सुटायची, संध्याकाळची सुरू व्हायला वेळ असायचा, तेवढ्यात आम्ही दोघी पंख्याखाली चटई घालून बसायचो. उदाहरणं तमिळमध्ये, आकडे इंग्रजीत आणि भांडण मराठीत.

"बारा फूट बाय दहा फूट खोलीत गालिचा घालायला..."

"तंजावूरला? गालिचा? कोणाला घाम कमी पडला?"

"वहिनी."

"बरं. सांग."

"एक दूधवाला चाळीस लिटर दुधात आठ लिटर पाणी घालतो, तर त्याचा नफा..."

"पोलिसांत कां देत नाहीत त्याला? नफा काय मोजलागलेत?"

ती कपाळाला हात लावायची. मी खरंच तिला छळायला बोलत नव्हते हो. उदाहरण वाचलं की ती माणसं माझ्यासमोर उभीच राहायची. गालिचेवाल्याचा मला चेहरा दिसायचा. दूधवाल्याची तर सायकलही दिसायची. आणि माणूस समोर उभा राहिला की त्याच्याशी चार शब्द बोलल्याशिवाय मला राहवत नाही, हा माझा स्वभाव आहे, आईच्या मते रोग आहे.

सगळ्यात मोठं भांडण फुलांवरून झालं. "एका फुलवालीनं अठरा मीटर माळ गुंफली. एक मोळम म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर. वीस रुपये मोळम या भावानं सगळी माळ विकली तर किती रुपये मिळतील?" मोळम म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात. आमच्याकडे मोगरा असाच हातानं मोजून देतात, आणि तो हात देणारीचा असतो, घेणारीचा नव्हे.

"कोणाच्या हातानं?" मी म्हटलं.

"पंचेचाळीस सेंटिमीटर दिलेलं आहे ना प्रश्नांत."

"आपल्या कोपऱ्यावरच्या बाईचा हात एवढा आहे? एवढीशी आहे ती. मोजताना बोटं पण मुडपते. म्हणून तर मी राजवाड्याच्या दारातल्या उंच बाईकडे जातें. तिचा मोळम खरा मोळम."

नणंद उठली, शिलाईच्या डब्यातली टेप घेऊन आली आणि माझा हात मोजायला लागली. बेचाळीस भरला. मग तिचा मोजला, तो चव्वेचाळीस. नवरा तेवढ्यात जेवायला घरी आला होता, त्यालाही दाराशी धरून हात लांब करायला लावला, तो सत्तेचाळीस निघाला. "बघ, हे फुलं विकायला बसले तर दिवाळं निघेल," मी म्हटलं. तो बिचारा हात तसाच लांब धरून विचारत होता, की भात वाढणार कां कोणी.

"ऐका," नणंद टेप गुंडाळत म्हणाली. "परीक्षेंत सगळ्यांचा हात पंचेचाळीस. तुमचा, कोपऱ्यावरच्या बाईचा, उंच बाईचा. परीक्षेंत कोणी उंच नाहीं, कोणी ठेंगणी नाहीं. तिथं माणसंच नाहींत. कळलं?"

त्या दिवसापासून तिनं नियम काढला. उदाहरण वाचायचं आणि त्यातल्या माणसावर पेन्सिलीनं काट मारायची. एक गृहस्थ, काट. फुलवाली, काट. शेतकरी, त्याचे तीन मुलगे, त्यांचं कुंपण, सगळ्यांवर काट. उरेल ते आकडे आणि मापं. तेवढ्याशीच बोलायचं. मी एकेका माणसाला खोडताना "माफ करा हं" म्हणायचे. ती ऐकू न आल्यासारखं करायची.

माणसं गेली, पण मापं राहिली, आणि मापांत मी खरीच कच्ची होते. किलोमीटरचे सेंटिमीटर करताना गुणायचं की भागायचं, इथं माझे नाकी नऊ यायचे. लहान मापाकडे जाताना आकडा मोठा कसा होतो, हे डोक्यात शिरतच नव्हतं. शेवटी एका दुपारी नणंदेनं मला हाताला धरून जिन्यात नेलं. खालच्या सात पायऱ्यांवर तिनं खडूनं लिहिलं. सातव्या पायरीवर किलो, मग हेक्टो, डेका, मधल्या पायरीवर मीटर, मग डेसी, सेंटी, आणि सगळ्यात खाली, घरमालकिणीच्या दाराशी, मिली.

"साडेतीन किलोमीटर घ्या आणि उतरा. एक पायरी, एक शून्य."

मी पदर खोचला आणि उतरले. "साडेतीन! पस्तीस! साडेतीनशे! साडेतीन हजार!" मीटरच्या पायरीवर आवाज चढला. "पस्तीस हजार! साडेतीन लाख! पस्तीस लाख!" मिलिमीटरवर मी दोन्ही पायांनी उडी मारली. घरमालकीण दार उघडून बाहेर आली. तिनं तमिळमध्ये विचारलं, की काय झालं, कसले पस्तीस लाख, लॉटरी लागली काय? मी म्हटलं, मामी, किलोमीटरवरून आलेय. तिनं माझ्याकडे पाहिलं, वर उभ्या असलेल्या नणंदेकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

मला इतका आनंद झाला होता की मी तशीच उलटी वर चढले, शून्यं कमी करत करत. मग चौरस मापं. चौरस असेल तर प्रत्येक पायरीवर दोनदा पाय आपटायचा, कारण दोन शून्यं. ते आपटणं घरमालकिणीला फारसं आवडलं नसावं. संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा मी डेसीवर बसून घामेघूम झालेली, आणि नणंद किलोवर उभी राहून ओरडतेय, "चौरस डेसिमीटरवरून चौरस मीटरला या!" तो पायऱ्यांवरची अक्षरं न पुसता, कडेकडेनं पाय टाकत वर गेला आणि त्यानं गुपचूप तिघांची कॉफी केली. त्या आठवड्यात पावडर-कुंकू लावलेल्या बायका घरमालकिणीकडे आल्या की जिन्यावरच्या खडूकडे बघून कुजबुजायच्या. मला काही वाटत नव्हतं. मला गणित येत होतं!

एकच खोड मात्र जाईना, आणि ती माहेरची होती. पापनाशमला आमची भातशेती. आमच्या घरात जमीन एकरांत कोणी बोलतच नसे. जमीन म्हणजे मा. शंभर कुळीचा एक मा, कुळी म्हणजे बारा फूट बाय बारा फुटांचा तुकडा, आणि तीन मा म्हणजे एक एकर. लग्नाच्या बोलण्यांत, भांडणांत, कोणाच्या सुनेला किती आलं हे सांगताना, सगळीकडे मा. त्यामुळे जमिनीचं उदाहरण आलं की मी चौरस फुटांवरून सरळ कुळीत शिरायचे, तिथून मा, आणि माच्या अंगणातून एकरात. बोटांवर, फटाफट, नणंदेच्या आधी. आणि उत्तर दरवेळी थोडं चुकायचं.

"कां चुकतंय, मज कळत नाही," मी चिडून म्हटलं.

तिनं मांडून दाखवलं. कुळी एकशे चव्वेचाळीस चौरस फूट, म्हणून मा चौदा हजार चारशे, म्हणून तीन मा त्रेचाळीस हजार दोनशे. आणि एकर त्रेचाळीस हजार पाचशे साठ. "तुमचे तीन मा एकराहून लहान आहेत, वहिनी. तीनशे साठ चौरस फुटांनीं."

"आमच्या घरात सगळे तीन माच म्हणतात."

"तुमच्या घरातले परीक्षा देत नाहींत."

मी त्या दिवशी तिच्याशी रात्रीच्या जेवणापर्यंत बोलले नाही. तीनशे साठ चौरस फूट म्हणजे एक बऱ्यापैकी खोली होते. माझ्या बापजाद्यांनी दर एकरामागे एक खोली हरवली, असंच ती म्हणाली होती की नाही? पण मनातून कळत होतं, तेवढ्याच खोलीत माझी नोकरी बसली आहे. त्रेचाळीस हजार पाचशे साठ मी आंघोळ करताना घोकला, इडलीचं पीठ ढवळताना घोकला.

नणंदेच्या क्लासात सराव परीक्षा व्हायच्या. तिथं वीस-बावीस वर्षांची पोरं, मी मागच्या बाकावर, सगळ्यांची अक्का. पहिल्या वेळी पंचवीसातले नऊ आले. नणंदेनं ते वर्गासमोर मोठ्यानं वाचले, ओळख न दाखवता, आणि घरी येताना सबंध रस्ताभर ऐकवलं. पुढे तेरा आले. मग सोळा. मग एकोणीस, आणि एका दुपारी तेवीस. मी वर्गातच टाळी वाजवली, माझी मीच. पोरांनीही वाजवली. नणंद मात्र पुढच्या उदाहरणाकडे वळली होती.

त्याच दिवसांत एक भानगड झाली. मी बाजारात गेले होते, वांगी चाळीस रुपये किलो, पाऊण किलो घेतली, तीस रुपये मोजून दिले आणि निघाले. मागून भाजीवाल्यानं हाक मारली. अम्मा, बरं आहे ना? मी म्हटलं, हो, का? तो म्हणाला, भाव नाही केला, काही मागितलं नाही. आणि काळजीनं त्यानं कढीपत्त्याची अख्खी जुडी माझ्या पिशवीत टाकली. घरी येऊन मी सांगितलं तर नणंद घाबरूनच गेली. "अय्यो, वहिनी! तीस रुपये सरळ देऊन आलात?" म्हणाली, "नोकरी लागेपर्यंत घर बुडवाल तुम्ही." मी म्हटलं, तूच तर माणसांवर काट मारायला शिकवलंस. ती कढीपत्त्याची जुडी उचलून स्वयंपाकघरात गेली. मी दिवसभर गुणगुणत होते.

परीक्षेचं केंद्र आलं ओरत्तनाडूच्या एका शाळेत. आम्ही तिघंही सकाळच्या बसनं गेलो. नवऱ्यानं दहीभाताचा डबा घेतला होता, नणंदेनं चार काळी पेनं, चालतात का ते लिहून लिहून बघितलेली. बसमध्ये सगळ्या बाया-पोरी ओठ हलवत काही ना काही पाठ करत होत्या. शाळेच्या फाटकाशी नणंद म्हणाली, "माणसांशी बोलू नका." मी मान डोलावली आणि आत गेले.

तमिळ झालं, सामान्यज्ञान झालं. मग गणित. माप आलं की मी डोळ्यांसमोर जिना आणायचे, उतरायचे, चढायचे. टाकी, रंग, कापड, दूध, सगळ्यांवर काट. आणि मग ते आलं. तीनशे तीस फूट लांब आणि दोनशे चौसष्ट फूट रुंद शेत, बारा लाख रुपये एकर, तर किंमत किती?

आता मला सांगा, शेत म्हटल्यावर माझा हात कुठं जाणार? उदाहरण वाचून व्हायच्या आत मी मा आणि कुळीत होते. सत्याऐंशी हजार एकशे वीस चौरस फूट, भागिले चौदा हजार चारशे, सहा पूर्णांक शून्य पाच मा. तीननं भागा, बारा लाखांनी गुणा, चोवीस लाख वीस हजार. खाली पाहिलं तर दुसरा पर्याय चोवीस लाख वीस हजार! असा काही जीव भांड्यात पडला म्हणून सांगू. गोल काळा करायला पेन टेकवलं, आणि वरच्या पर्यायावर नजर गेली. चोवीस लाख.

आणि तो माणूस समोर उभा राहिला. शेत विकणारा. कमरेला पांढरी वेष्टी, खिशात पेन, चेहऱ्यावर असा साळसूद भाव की जसा काही मला उपकारच करतोय. मी काट मारायला विसरले होते. आणि तो म्हणतोय, चोवीस लाख वीस हजार द्या अम्मा. आणि शेजारी चोवीस लाखही लिहिलेले! माझं डोकंच फिरलं. वीस हजार? कशाचे? वीस हजारांचा कोसुरु गिऱ्हाइकानं द्यायचा? उलटा? मी मनात त्याला इतकी बोलले, इतकी बोलले, की हॉलमधल्या पर्यवेक्षक बाईनं माझ्याकडे पाहिलं, माझे ओठ हलत असावेत. दाखव म्हटलं तुझा एकर. किती फुटांचा आहे? आणि तेव्हा, भांडता भांडता, आठवलं. त्रेचाळीस हजार पाचशे साठ. सत्याऐंशी हजार एकशे वीसला भागलं, तर बरोबर दोन. एक कुळी इकडे नाही, एक तिकडे नाही. चोवीस लाख. मी पहिला गोल इतका दाबून काळा केला की कागद फाटेल असं वाटलं.

बाहेर आल्यावर मी नणंदेला हे सगळं सांगितलं, हातवारे करून, शाळेच्या भिंतीला टेकून. ती चोवीस लाखांपर्यंत श्वास धरून होती. मग म्हणाली, "तुम्ही त्याच्याशी बोललात." मी म्हटलं, बोललेच. ती दहीभाताचा डबा उघडायला लागली, आणि मग एकदम इतकी हसली की नवऱ्यानं डबा काढून घेतला, भात सांडेल म्हणून.

निकालाला पुष्कळ महिने लागले. ते दिवस मला आठवायला आवडत नाहीत, म्हणून थोडक्यात सांगते. नवऱ्यानं चेन्नईचं उत्तर दोनदा पुढे ढकललं, तिसऱ्यांदा ढकलता येणार नव्हतं. मला भीती वाटत होती, सरळ सरळ भीती, जेवण उतरेना अशी. आणि नणंद गप्प झाली होती. माझी चेष्टा करेना, नवऱ्याची करेना, वर्गातून आली की चटईवर आडवी व्हायची. मला वाटलं, माझ्यावर रागावली आहे, मी नापास होणार हे तिला दिसलं असेल.

निकाल लागला तो एका दुपारीच. नवरा कामावर होता. नणंदेच्या फोनवर ते पान उघडेना, नुसतं गोल फिरत राहिलं. मी देवापाशी जाऊन आले, परत आले, तरी फिरतंच. मग उघडलं. तिनं माझा नंबर टाकला आणि वाचायला लागली, आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. क्रमांक इतका वरचा होता की जिल्ह्यातच जागा मिळणार हे तिला लगेच कळलं. मला कळायला जरा वेळ लागला. मी तीनदा विचारलं, म्हणजे पास? म्हणजे इथंच? म्हणजे चेन्नई नाही? ती नुसती मान डोलावत होती. मी तिचे दोन्ही हात धरून तिला फिरवलं, पंख्याखाली, चटईवरच, आणि चटई गोळा होऊन आम्ही दोघी पडता पडता वाचलो.

मग तिनं हात सोडवले, फोन उचलला आणि कोणाला तरी लावला. मला वाटलं, भावाला सांगतेय. पण ती तमिळमध्ये बोलत होती. म्हणाली, ती खिडकीजवळची खाट मी घेतली होती ना, ती मला नको, दुसऱ्या कोणा मुलीला द्या.

"कसली खाट?" मी म्हटलं.

तिनं फोनवर हात ठेवून सांगितलं. नव्या बसस्टँडकडे नोकरी करणाऱ्या बायकांचं एक हॉस्टेल आहे, तिथली.

माझं डोकं भणाणलं. "कधी घेतलीस? मज न सांगतां? तुज वाटत होतं मी नापास होणार?"

"तुमचे नऊ आले तेव्हां मज काहीं वाटलं नाहीं," ती म्हणाली. "नऊला आशाच नव्हती. ज्या दिवशी तेवीस आले ना, वहिनी, त्या दिवशी घेतली. तेवीस आले आणि मज झोप लागेना. तुमच्याबरोबर इथंच राहायला मिळेल असं वाटायला लागलं, आणि नाहीं मिळालं तर, याची भीती."

मी रागावले होते आणि रडतही होते, आणि माझं नाक वाहत होतं. फोनमधून त्या हॉस्टेलच्या बाईचा आवाज येत होता, हॅलो, हॅलो. नणंदेनं फोन कानाला लावला. त्या बाईनं सांगितलं असावं, की भरलेले पैसे परत मिळायचे नाहीत. "राहू द्या, तुम्हीच ठेवा," ही म्हणाली. मग त्या बाईनं आणखी काही विचारलं. खाट का सोडली, याचं कारण तिला कुठं तरी लिहायचं होतं.

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पदरानं डोळे पुसले.

"लिहा," ती म्हणाली, "माझी वहिनी पास झाली."